तापल्या वाळूतल्या चपला

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. घरात आम्ही पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतो, पण लिहिलेलं वाचायचं तर कन्नडच. तरी सत्तरी उलटेपर्यंत मी एकही कादंबरी स्वतः वाचली नव्हती. वाचायची ती बायको. देवराज मोहल्ल्यात माझं शिलाईचं दुकान होतं. दुपारी ती डबा घेऊन यायची, आणि मी जेवून मशीनवर बसलो की कापायच्या टेबलाला टेकून भाड्यानं आणलेलं पुस्तक उघडायची. पुस्तक कन्नड, तोंडातून निघायचं आमच्या घरचं मराठी. पायाखाली मशीन, कानात ती.

ती जाऊन दीड वर्ष झालं. मी आता सरस्वतीपुरमला मुलीकडे असतो. शेजारी एका रिटायर मास्तरांच्या व्हरांड्यात रविवारी पाचसहा म्हातारी माणसं जमून काय काय वाचलं ते सांगतात. मुलीनं मला तिकडे ढकललं. मी बायकोनं वाचून दाखवलेली एका नावाड्याची कादंबरी सांगितली. त्यात नावाडी बायकोला घेऊन वाळूतून निघतो, तिची चप्पल तुटते. तो आपल्या चपला तिला देतो आणि अनवाणी उड्या मारत, हसत हसत नदी गाठतो.

"अण्णा, हे त्यात नाही री," मास्तर कन्नड ढंगात म्हणाले. "मी दोनदा वाचलंय. त्याची बायको तर पहिल्यापासून अनवाणी."

"तुमचं पान फाटलं असेल."

"अय्यो, मग ते पान तुम्हीच आणा की!" एक बाई म्हणाल्या. सगळे हसले.

मी उठून आलो. राग मास्तरांचा नव्हता. त्या पानात तिचा आवाज मला सगळ्यात नीट ऐकू यायचा. पान नसेल तर आवाज तरी कुठला?

पुस्तक आणवलं. शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सव्वा महिना लागला. दुपारी खिडकीशी बसायचो, डोळा लागायचा. झोपेत नाव पुढं जायची आणि नावाडी मराठीत बोलायचा. जाग आली की परत कन्नड. पुस्तक वाईट नाही. नदी जरा जास्त झालीय, वाचून माणूस ओला होतो. पण नावाडी तोंडाळ निघाला. बायकोशी धड एक शब्द नाही. तिनं सांगितलेला नावाडी असा नव्हता. आणि चपला शेवटच्या पानापर्यंत आल्या नाहीत.

पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. ऊन सरकत माझ्या पायांवर आलं. अर्धवट झोपेत तळवे भाजले आणि तलकाडची वाळू आठवली. लग्नाला वर्ष झालं होतं. वाळूत गाडलेली देवळं बघून नदीकडे निघालो तर हिच्या चपलेचा अंगठा तुटला. मी माझ्या चपला तिच्यापुढं टाकल्या. भाजत होतो, हसत कुठला! ओरडलो, "म्हशीसारखी पाय काय टाकतेस? बघून चालता येत नाही?" ती माझ्या मोठ्या चपला घालून फटक फटक करत मागून आली. मी हे सारं विसरून गेलो होतो.

दुकानात मीच म्हणायचो, "ते चपलांचं वाच परत." ती वाचायची. मी म्हणायचो, "भला माणूस आहे गं हा."

"आहेच," ती म्हणायची. "तुम्ही सुईत दोरा घाला."

पुढच्या रविवारी मास्तरांनी विचारलं, "सापडलं पान?"

"पुस्तकात नाही. तुमचं बरोबर," एवढंच बोललो.

तिनं शेवटी वाचायला घेतलेलं, परत द्यायचं राहून गेलेलं पुस्तक कपाटात होतं, खूण म्हणून मध्ये निळा दोरा. काल तिथून पुढं मोठ्यानं वाचायला लागलो, आमच्या मराठीत. अडखळत, पण जमलं. दुसऱ्याच पानावर नवरा जेवायला बसतो, सार अळणी लागतं आणि तो बायकोच्या अंगावर ताट ढकलतो. मी थांबलो. ओळीखाली बोट तसंच होतं.

मग वाचलं, "सार छान झालंय. जरा मीठ दे गं."