फणस आणि माथेरान

दर मे महिन्यात मोठ्या नणंदबाई सगळं बिऱ्हाड घेऊन मुंबईहून मुरुडला आमच्याकडे आरामाला येत. मी गॅसपाशी घामाने निथळत असायची आणि त्या झोपाळ्यावरून म्हणायच्या, "तुम्हाला काय वहिनी, समुद्र दाराशी! तुम्हाला कशाला हवी सुट्टी?"

ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. यंदा नेमकी त्यांच्याच आठवड्यात माथेरानला खोली घेतली. नवऱ्याला बजावलं, बहिणीकडे ब्र काढलात तर मी एकटी जाईन. नणंदबाईंचा फोन आला, "शनिवारी येतोय हं." मी म्हटलं, "या की, घर तुमचंच आहे." चावी शेजारी दिली आणि स्वयंपाकघरात एक अख्खा पिकलेला फणस ठेवला.

माथेरानला खुर्चीत बसून आयता चहा पीत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, आहात कुठे? फणस फोडला तर सगळ्यांचे हात चिकाने बरबटलेत, साबणानेही जात नाही!"

आधी हाताला तेल चोळायचं असतं, हे त्याच घरात जन्मून त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"तुम्हाला काय वन्सं," मी म्हटलं, "माहेरी आहात. आराम करा."