उन्हात ठेवलेला सेल

डोमाजीचे कान अकोल्याच्या जिनिंगमधल्या रेच्यांनी खाल्ले. कापसातली सरकी वेगळी करणारी ती यंत्रं दिवसभर खडखडत, आणि डोमाजीची सारी उमेदीची वर्षं त्यांच्यातच गेली. मुकादमाची शिवीही ऐकू येईना, तेव्हा त्याने काम सोडलं आणि अमरावतीच्या कडेला सासऱ्याने दिलेल्या तुकड्यात झेंडू लावला. झेंडूशी बोलावं लागत नाही. लोक मागून 'बह्यरा' म्हणत. म्हणोत बापडे, त्याला ते पोचतच नव्हतं.

अडचण एकच होती. बायकोला, इंदूबाईला, दम्याने धरलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या एकाएकी तिचा श्वास अडकायचा. मग तिला उठवून बसवावं लागे, पाठ चोळावी लागे. डोमाजी घरामागेच वाफ्यात असायचा, पण तिने हाक मारली काय आणि न मारली काय, सारखंच.

पासष्ट साली लेक शालू अकोल्याहून एक डबी घेऊन आली. ती ज्यांच्याकडे भांडी घासायची ते वकील केशवराव वारले होते, आणि त्यांचं कानाचं यंत्र बाईंनी शालूच्या हातावर ठेवलं होतं. खिशात मावेल एवढी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंड. बटण दाबलं, पण यंत्र मुकं. डोमाजीने सुरीच्या टोकाने मागचं झाकण उघडलं. आतला सेल फुटून पांढरा खार साचला होता. तो त्याने बाभळीच्या काट्याने कोरून काढला, चिंधीने पुसला आणि बाजारातून पेन्सिल सेल आणून बसवला. काही नाही. मग सेल उलटा करून घातला. कानात शिट्टी वाजली, आणि शिट्टीमागून घरघर ऐकू आली. यंत्रच घरघरतंय असं वाटून त्याने डबी हलवून पाहिली. घरघर इंदूबाईच्या छातीत होती. इतकी वर्षं ती अशी धापा टाकत होती आणि तो शेजारी गाढ झोपत होता. डोमाजीला स्वतःची शरम वाटली.

"आता तुमच्या मांगं काई बोलायची सोय नाई राह्यली," इंदूबाई म्हणाली.

"बोल ना. आयकूनच तर राह्यलो."

वर्षभर बरं चाललं. तिने "अवो" म्हटलं की तो खुरपं टाकून धावे. पण यंत्र मोठं खादाड. सेल बघता बघता उतरायचा, आणि एकदा दुकानातलेच सेल संपले. माल नागपूरहून यायचा होता. मग डोमाजीने तेच केलं जे सगळा गाव टॉर्चच्या सेलचं करतो. उतरलेला सेल काढून उन्हात तापवायला ठेवायचा. तेवढाच आणखी एखादा दिवस चालतो.

"सेल तापेपर्यंत मी इथंच बसतो," तो म्हणाला. दसरा तोंडावर आला होता.

इंदूबाईने हाताने खुणावलं. "फुलं वाया चालली तिकडं. जा तुमी. मी कुठं पयून चालली?"

तिनेच त्याला लावून दिलं. त्याने सेल विहिरीच्या काठावर ठेवला, रिकामी डबी खिशात टाकली आणि तो झेंडू तोडायला बसला. टोपली अर्धी भरली असेल, तेवढ्यात शेजारची तानुबाई समोर येऊन हातवारे करू लागली. तो धावत गेला. इंदूबाई कुशीवर होती, एक हात मागच्या दाराकडे. सगळं संपलं होतं.

बाया जमल्या, शालूला निरोप गेला. डोमाजी मात्र उठून विहिरीवर गेला आणि सेल घेऊन आला. लोकांना वाटलं, हा भ्रमला. त्याने तो यंत्रात घातला, बोंड कानात बसवलं आणि तानुबाईला विचारलं, "काय म्हणली ते?"

"आधी 'अवो, अवो' केलं," तानुबाई म्हणाली. "मले वाटलं, तुमी आयकून राह्यले, म्हून मी नाई उठली. मंग तिनं तुमचं नाव घेतलं. 'डोमा' म्हणे. तवा मी धावली."

लग्नातला उखाणा सोडला तर इंदूबाईने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नुसतं डोमा त्याला फक्त त्याची आई म्हणायची.

त्याने डबी तानुबाईच्या तोंडापुढे धरली. "कसं म्हणली? म्हून दाखव एकडाव."

तानुबाई तयार होईना. मग बाया म्हणाल्या म्हणून तिने मान खाली घालून म्हटलं, "डोमा."

यंत्राने ते चोख पोचवलं. आवाज तानुबाईचा होता.