हात लावायचा नाही

चंद्रावर गाडी पाठवायची म्हटलं की पहिल्यांदा ती कुठे कुठे अडकेल याचा विचार करावा लागतो. गेली काही वर्षं माझं काम तेच आहे. आमच्या गटात कुणी बॅटरीचं बघतं, कुणी कॅमेऱ्यांचं; मी वाट आखते. सहा चाकांची, शेळीच्या करडापेक्षा जराशी मोठी अशी ती बिनमाणसाची गाडी, म्हणजे रोव्हर. उतरल्यावर ती कुठून कुठे जाईल, कुठे थांबून फोटो काढील, कुठल्या दगडाला वळसा घालील, हे सगळं इथून निघायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. लोकांना वाटतं, मोहीम म्हणजे अग्निबाण आणि टाळ्या. आमच्या वाट्याला येतात त्या बैठका, भांडणं आणि गार झालेला चहा.

त्या उन्हाळ्यात भांडण एकाच गोष्टीवरून चाललं होतं. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ असे खड्डे आहेत की ज्यांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथे बर्फ असावा असा अंदाज आहे. माझी वाट एका उतारावरून अशाच एका खड्ड्याच्या काठापर्यंत जात होती. दुसरी वाट सपाटीवरची, बिनधोक. चंद्रावर हवा नाही म्हणून, नाहीतर तिला मी हवा खायला जाणं म्हटलं असतं. उतारावरची धूळ भुसभुशीत, चाक रुतलं की खेळ संपला. त्यावर मी एक युक्ती बसवली होती. चाकं आळीपाळीने मागेपुढे फिरवायची आणि गाडीने आपली आपण बाहेर निघायचं. पुण्यातल्या आमच्या शेडमधल्या वाळूत ती कधी जमायची, कधी नाही. शेवटी आमच्या गटाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "मोठ्या उतारावर, उघड्या उन्हात करून दाखव. जमलं तर तुझी वाट, नाहीतर सपाटीची." माझं दोन वर्षांचं काम त्या एका वाक्याला टांगलं गेलं.

मला आमची खाचरंच आठवली. पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीपासून आत, डोंगराच्या अंगाला आमचं घर. भात निघालं की उन्हाळ्यात खाचरं रिकामी पडलेली असतात, आणि कलतं ऊन डोंगराच्या खांद्यावरून तिरपं आलं की साध्या ढेकळांच्याही लांबलचक सावल्या पडतात. चंद्राच्या त्या टोकालाही सूर्य असाच कायम खाली टेकलेला असतो, आणि अशा सावल्यांत कॅमेऱ्याला दगड कुठला, खड्डा कुठला हे कळत नाही. खडी क्रशरवरून दगडाची बारीक भुकटी टेम्पोने आणली. ती मातीत मिसळू नये म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी ताडपत्री अंथरायला लावली. मग बांधाला टेकवून आम्ही चंद्राचा उतार केला. आबा स्वतः घमेली वाहत होते. आपल्या खाचरात चंद्र आलाय हे ते नसरापूरच्या बाजारात सांगून आले होते.

पडवीत लॅपटॉप मांडले आणि चादरी बांधून बाहेरचं दिसणं बंद केलं. गाडी फोटो पाठवणार, त्यावरूनच आम्ही पुढची चाल ठरवणार. बाहेर नजर ठेवायला आमचा एक सहकारी उभा केला. जमलेल्या लोकांना नियम समजावला: गाडी कितीही अडकली तरी कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. इतक्या झटपट आमच्या गावात कुणी काही कबूल करत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कारण आमच्याकडे अडलेल्या गाडीला खांदा लावायला कुणी विचारत बसत नाही. चिखलात रुतलेला टेम्पो दिसला की डोक्यावरचा भारा खाली टाकून माणूस आधी ढकलायला लागतो, टेम्पो कुणाचा ते मागाहून बघतो. एक गृहस्थ म्हणे एकदा अडलेल्या एसटीला वळसा घालून लग्नाला पुढे निघून गेले. त्यांच्या नातवाची सोयरीक जमवतानाही लोकांनी तो विषय काढला.

चाचणी सुरू झाली. गाडी निम्मा उतार नीट चढली आणि माझ्या भीतीप्रमाणे मागची चाकं रुतली. मी माझी युक्ती लावली. फोटो आला, समोरचा दगड तिथेच. पुन्हा लावली. पुन्हा तोच दगड. तिसऱ्यांदा लावली आणि फोटोत तो दगड जवळ आलेला दिसला. गाडी निघाली होती! पडवीत एकच गलका झाला. मॅडम सहसा हसत नाहीत, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुझी वाट." मी नाचायचीच काय ती राहिले.

चहा टाकायला मी आत गेले, तर आबा मागोमाग आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "खूश झाल्या न्हवं तुज्या म्याडम?"

"लई खूश झाल्या, आबा."

"मंग झालं. म्याच काडली तिला."

"कुणाला?"

"गाडीला. लई येळ गरगर करत हुती बिचारी. तुमचा त्यो मानूस उनात उबा व्हता, त्येला तुजी काकी चहाला घिऊन गेली. तवर म्या मागनं जरा उचलली आन् वीतभर म्होरं ठिवली. कुनाला बोलू नगंस."

मला संताप आला, आणि त्याच वेळी हसूही. आबांच्या चेहऱ्यावर चोरीचा मागमूस नव्हता. लेकीचं काम अडलं होतं, ते पुढे सरकवून दिलं, एवढंच समाधान होतं. हे मला सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं वाटलं. खोटं कशाला बोलू? गाडीच्या हालचालीच्या आलेखात एक उडी दिसत होतीच. पण आम्हा सगळ्यांनाच गाडी निघायला हवी होती, म्हणून चाकाला पकड मिळाली असं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. मी गप्प बसले असते तर कुणी खोदून विचारलं नसतं. आणि बोलले असते तर माझी वाट जात होती, शिवाय चार पाहुण्यांसमोर आबांची मान खाली जात होती. दुधावर साय धरेपर्यंत मी तशीच उभी होते.

मग मी म्हणाले, "आबा, तिथं कोन उचलनार हाय तिला?"

आबांनी दारातून बाहेर बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ती रिकामी जागा उभी राहिली असावी. अडलेल्याच्या मागे कुणीच नाही, अशी जागा त्यांनी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

"व्हय की," ते म्हणाले. "मंग सांग त्यास्नी. माजं नाव घिऊन सांग."

मी सांगितलं. चहाला गेलेला सहकारी शरमेने लाल झाला. मॅडमनी कप रिकामा केला, खाली ठेवला आणि आबांना म्हणाल्या, "काका, उद्या पुन्हा करू. उद्या राखणीला तुम्ही बसाल का?" रानडुकरांपासून भात राखण्यात आबांची हयात गेलेली. ते नुसते "बसतो" म्हणाले, पण त्यांचा उतरलेला चेहरा खुलला. त्या एका प्रश्नासाठी मी मॅडमच्या शंभर बैठका माफ केल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात गाडी सोडली. ती जवळपास त्याच जागी रुतली. मी युक्ती लावत राहिले. चादरीपलीकडून आबांचा आवाज येत होता, "ए, लांब! लांब ऱ्हा म्हनलं ना!" कुणीतरी कळवळून म्हणालं, "आवो, वाईच ढकलू द्या की, पोरीचं काम हाय." त्यावर आबा इतक्या जोरात ओरडले की पडवीतही सगळे गप्प झाले. मला तेव्हा फार एकटं वाटलं. मदत चार पावलांवर होती आणि मीच ती अडवून ठेवली होती. मोहीम आखणं म्हणजे हेच, हे मला दोन वर्षं कळत होतं; पण ते असं अंगावर येऊन कळण्याची ती पहिली वेळ.

एकामागून एक फोटो आले. दगड जवळ आला नाही. उलट जरा वर गेला, म्हणजे गाडी आणखी खाली बसत होती. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "थांबव आता," त्या म्हणाल्या. "वाट सपाटीची." आवाजात राग नव्हता. मी लॅपटॉप मिटला आणि चादर सारून बाहेर गेले.

गाडी पोटावर बसली होती, चाकं अर्धी गाडलेली. तिच्याजवळ पोचले. मी त्या भुकटीत बसले आणि रडले. एवढ्या लोकांसमोर रडण्याचं माझं वय राहिलेलं नाही, पण रडले. पुढे कुणी आलं नाही. आबा बांधावर बसून होते, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, जणू सोडले तर ते आपोआप पुढे होतील.

"संपलं का गं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"संपलं."

"आता हात लावल्याला चालंल?"

"चालंल, आबा."

ते उठले आणि भुकटी तुडवत आले. गाडी उचलायला वाकतील असं मला वाटलं. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. तिला ओलांडून ते माझ्यापाशी आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "आदी तू उठ."