सतरावा नंबर

क्लबच्या हॉलमध्ये नवा फलक लागला, त्या दिवशी घड्याळवाल्या ताईंचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं त्या गाड्यांच्या शर्यतींच्या वेळा नोंदवत होत्या, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. फलकावर लिहिलं होतं, 'आजवरचे सर्वश्रेष्ठ चालक'. एकूण गुणांप्रमाणे तीस नावं. ताईंचा थोरला भाऊ सतरावा.

त्या तडक सेक्रेटरींच्या खोलीत शिरल्या.

"ही यादी कोणी केली?"

"कॉम्प्युटरने," सेक्रेटरी हसले. "गुणांची बेरीज आहे, ताई. यात कसला आलाय वाद?"

"दादाच्या वेळी पहिल्या पाचांनाच गुण मिळायचे, आता दहांना मिळतात. तेव्हा वर्षाला आठ शर्यती व्हायच्या, आता वीस होतात. हे सांगितलंत का त्या कॉम्प्युटरला?"

"मग तुम्हीच करून द्या ना दुसरी. हौस आहे तुम्हाला."

हौस म्हटल्यावर ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन रविवार त्या जुने निकाल घेऊन बसल्या आणि प्रत्येक शर्यतीला आजच्या नियमाने गुण लावले. दादा चौथा आला. कागद नाचवतच त्या त्याच्या गॅरेजात गेल्या. दादाने हात पुसले, कागद नीट वाचला आणि परत दिला.

"हेही चूकच."

"का?"

"सहाव्याला भोपळा मिळायचा. म्हणून मी जिवावर उदार होऊन पाचव्याच्या मागे लागायचो. कितीदा गाडी भिंतीवर घातली, तूच लिहिलंयस. सहाव्यालाही गुण असते, तर मुकाट्याने शर्यत पुरी केली असती. ती शर्यत झालीच नाही, तिचे गुण कसे लावणार?"

ताईंना आणखी राग आला. "मग तुलना करायची तरी कशी?"

"एकच वर्ष, एकच नियम, सारख्याच गाड्या. एका टीमचे दोघे घे. मी आणि चष्मिस."

चष्मिस तीन हंगाम दादाच्या टीममध्ये होता. टीम बंद पडली, तसा तो शाळेत गणित शिकवायला गेला. फलकावर त्याचं नावही नव्हतं. ताईंनी घरी जाऊन त्या तीन हंगामांतल्या, शर्यतीआधीच्या चोवीस पात्रता फेऱ्यांच्या वेळा काढल्या. पंधरा वेळा चष्मिस पुढे होता. आकडे त्यांच्याच अक्षरात होते. वही घेऊन त्या पुन्हा गॅरेजात गेल्या.

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. "तू घरी फक्त माझ्याच वेळा वाचून दाखवायचीस."

"आणि तू ऐकत बसायचास," ताई फणकारल्या आणि निघून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींना बजावलं, "तो 'सर्वश्रेष्ठ' शब्द पुसा, नाहीतर रविवारी घड्याळ तुम्हीच धरा."

"तुमच्या दादांना वर घेऊ का?"

"दादा गेला खड्ड्यात. शब्द पुसा."

शनिवारी पेंटर आला. आता फलकावर नुसतं 'एकूण गुण' असं आहे. वार्षिक अंकात ताईंनी चष्मिसवर अर्धं पान लिहिलं, पंधरा आणि नऊ या आकड्यांसकट. सेक्रेटरींशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. दादाशी आठ दिवस.