लेव्हल पाइपचं दुसरं टोक

या ग्रुपवर मी आजवर जे लिहिलं ते विटा, वाळू आणि परवानगीच्या कागदांबद्दल. गावठाणातली जागा असली तरी आधी सरकारी मोजणी करून घ्या, नकाशा मंजूर होईपर्यंत पाया खणू नका, असंच सगळं. आजचा अनुभव 'घर बांधताना' या सदरात टाकावा की दुसऱ्याच कुठल्या, ते मला ठरवता आलेलं नाही. अॅडमिननी योग्य वाटेल तिथे हलवावा.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. घराण्यातली पहिली पदवीधर, त्यामुळे हे अभिमानाने सांगते, माफ करा. सणसवाडीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे एखादं रीडिंग पटलं नाही तर आधी इन्स्ट्रुमेंट तपासतात, मग हात, मग डोळे. भूतबाधा त्या क्रमात कुठेच बसत नाही. आणि हे मला कॉलेजने नंतर शिकवलं, आईने आधी. वस्तीतल्या बायका ताप आलेलं पोर देवऋष्याकडे नेत, तेव्हा माझी आई मला काखेत मारून सरकारी दवाखान्यात नेत असे. बाहेरचं काही असतं यावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणायला जीभ वळत नाही... तरी घडलं ते घडलं.

आमचं गाव न्हावरे, तालुका शिरूर. जुनी खोली वस्तीत, रस्त्याला लागून. खोली बांधली तेव्हा म्हणे उंबरा रस्त्यापेक्षा वर होता. मग रस्ता झाला, त्यावर पुन्हा रस्ता झाला, त्यावर काँक्रीट पडलं. जुना उकरायची पद्धतच नाही. मला कळायला लागलं तेव्हा आम्हाला घरातून बाहेर पडायला पायरी चढावी लागायची. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी सरळ आत. खाट विटांवर, पीठ फळीवर, माझी पुस्तकं गोणीत घालून आढ्याला टांगलेली. आई तांब्याने पाणी बाहेर टाकायची आणि मी खाटेवर बसून पाढे म्हणायचे.

आई बिगारी काम करायची. सणसवाडी भागात कंपन्या, चाळी, भाड्याच्या खोल्या उभ्या राहत होत्या, तिथे ती घमेली वाहायची. सुट्टीत मी बरोबर असायचे, वाळूच्या ढिगावर. लेव्हल काढायची वेळ आली की मिस्त्री हटकून तिलाच हाक मारायचे, कारण ती हलायची नाही आणि बोलायची नाही.

ज्यांनी बांधकाम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लेव्हल पाइप म्हणजे पारदर्शक लांब नळी, आत पाणी. दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला येतं. आता लेझर मशीन आलं आहे, पण आपल्याकडे अजून पाइपच चालतो. एकाने एक टोक खुणेवर धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाचं पाणी स्थिर झालं की ओरडायचं. सगळे बिगारी ओरडतात 'आलं!' किंवा 'बास!' माझी आई म्हणायची, 'निवलं.' चहा निवतो, भात निवतो, रडून रडून पोर निवतं, तसं पाणी निवलं. मिस्त्री तिची टिंगल करायचे, "सगुणे, पाणी निवलं, आता ताटात वाढ!" ती हसायचीही नाही. पेन्सिल तिच्याकडे नसायची, म्हणून ओला अंगठा पाण्याच्या रेषेला आडवा लावून खूण करायची आणि ती वाळायच्या आत मिस्त्रीने येऊन पेन्सिल ओढायची.

कंपनीत लागल्यावर मी गावाच्या कडेला जागा घेतली. आमच्या वरिष्ठ मॅडमनी परवानगीचे कागद समजावून सांगितले. त्यांचे आभार इथेच मानते. इंजिनिअरने काढलेला नकाशा मी आईपुढे पसरला. आजारपणामुळे ती तेव्हा अंथरुणावरच होती.

"ह्यात दार कुठं हाय?"

"हे बघ."

"आन् रस्ता?"

"हा इथे."

तिने बोट दारापासून रस्त्यापर्यंत नेलं, परत आणलं. "मोठं नको बांधू पोरी. पर रस्त्याचं पानी घरात येता कामा न्हाई. तेवढं बघ."

तिने दुसरं काहीच मागितलं नाही. स्वयंपाकघर केवढं, देवळी कुठे, काही नाही. नकाशा मंजूर होऊन हातात आला तेव्हा ती नव्हती.

काम मी एकटीनेच सुरू केलं. मामा म्हणाले, "एकट्या बाईला घर कशाला? लगीन झालं की जाशीलच." मी वाद घातला नाही. आठवडाभर सणसवाडीला भाड्याच्या खोलीत आणि रविवारी एसटीने साइटवर, असं चाललं होतं. मिस्त्री बबनराव, दौंड तालुक्यातल्या केडगावचे. भला माणूस.

तर तो रविवार. सोमवारी सकाळी प्लिंथ बीमचं काँक्रीट पडणार होतं. प्लिंथ म्हणजे जोतं. ती उंची एकदा ठरली की ठरली, नंतर पस्तावून उपयोग नाही. बबनराव भाचीच्या लग्नाला केडगावला गेलेले, कामगारांना सुट्टी. मी साइटवर पोचले तर समोरच्या विजेच्या खांबाशी रस्त्याच्या कामाचे मुकादम लाल रंगाने खूण करत होते.

"ताई, नवा रस्ता हितवर येनार."

"इतका वर? जुना उकरणार नाही का?"

"उकरत्यात व्हय कुठं? जुन्याच्या उरावर नवा. समद्या गावात आसंच हाय."

ते निघून गेले. मी बबनरावांना फोन लावला. मागे हलगी वाजत होती.

"काय टेन्शन घेऊ नका ताई! रोडपास्नं चांगलं वर हाय आपलं जोतं!"

"आत्ताच्या रोडपासून ना? नवा रोड वर येतोय..."

"आँ? ऐकू येईना! उद्या येतो की सकाळी! पंगत बसलीया!"

त्यांनी जोत्याची रेघ मारली होती मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर. रस्त्याची खूण पुढे खांबावर. मध्ये सिमेंट ठेवायची पत्र्याची शेड आणि मुरमाचा ढीग. इथून तिथलं दिसत नाही. नजरेने मला काही कळेना. शेडमधून लेव्हल पाइप काढला, पाणी भरलं आणि मग लक्षात आलं की ही एकट्याने वापरायची वस्तू नाही.

शेजारचे आप्पा आणि काकी लेकीकडे गेले होते, दाराला कुलूप. मी मोबाइलमधली नावं वरून खाली पाहिली. वाढदिवसाला मेसेज करणारे पुष्कळ निघाले. पण 'अगं, पाइपचं टोक धरायला ये' असं म्हणता येईल असं एकही नाव नव्हतं. खरं सांगते, आई गेली त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा माणसं तरी होती.

शेवटी मागचं टोक कॉलमला सुतळीने बांधलं आणि पुढचं घेऊन खांबापाशी आले. इथे पाणी लाल खुणेला लावावं, धावत मागे जाऊन बघावं, तोवर इथलं हललेलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. टळटळीत दुपार, घामाने डोळे चुरचुरत होते. एकदा मागे पाहिलं तर पाणी बबनरावांच्या रेघेच्या खाली होतं. म्हणजे जोतं नव्या रस्त्यापेक्षा वर. झालं, मिस्त्रीच बरोबर, असं म्हणून मला सुटल्यासारखं झालं. फक्त एकदा खात्री करावी म्हणून पुढे आले आणि टोक खुणेला धरलं.

मागून आवाज आला,

"थांब. निवलं न्हाई अजून."

मी "हां" म्हटलं.

इथे मला कोणी भित्री म्हणेल किंवा खोटारडी, पण मी खरोखर नुसतं "हां" म्हटलं आणि टोक तसंच धरून उभी राहिले. लहानपणी आई चुलीपाशी बसून काही सांगायची आणि आपण पुस्तकातून मान वर न काढता हां म्हणायचो, तसं. अंगावर काटा नाही, गार वारा नाही. ऊन तसंच होतं. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

उभी असताना नजर पाइपवर गेली. मुरमाच्या ढिगावरून तो वर चढून खाली उतरत होता आणि ढिगाच्या माथ्यावर, बरोबर उंचवट्यात, हवेचा बोटभर बुडबुडा अडकला होता. असा बुडबुडा असला की दोन्ही टोकांचं पाणी जुळत नाही, लेव्हल खोटी दाखवते. (पाइप वापरणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवा. पाइप कधी ढिगावरून नेऊ नका, जमिनीवर सरळ पसरा आणि आतली हवा पूर्ण काढा.) मी एका हाताने पाइप ढिगावरून ओढून खाली घेतला, टिचक्या मारल्या, बुडबुडा सरकत सरकत माझ्या टोकातून बाहेर पडला. पाणी हललं, डुचमळलं. मी ते पुन्हा लाल खुणेला आणलं आणि धरून राहिले.

बराच वेळ काही नाही. मग त्याच आवाजात, नेहमीसारखं थोडं घोगरं, अजिबात घाई नसलेलं...

"निवलं."

तेव्हा कुठे मला समजलं की आपण काय ऐकतोय. हातातलं टोक सुटलं. अंगठ्याने बंद करायलाही सुचलं नाही, पाणी पायावर सांडलं. शेडला वळसा घालून मागे पळाले. कोणी नव्हतं. बांधापलीकडे आप्पांचा कांदा, त्यात माणूस लपेल असं काहीच नाही. सुतळीची गाठ माझीच, जशीच्या तशी. माझ्या टोकातून पाणी सांडल्यामुळे इथलंही खाली गेलं होतं.

पण कॉलमवर, बबनरावांच्या रेघेपेक्षा चार बोटं वर, एक ओला डाग होता. आडवा. अंगठ्याएवढा. आणि उन्हात कडेने वाळत चालला होता.

मी विचार केला नाही. केसात खोचलेली पेन्सिल काढली आणि तो वाळायच्या आत त्याच्या वरच्या कडेने रेघ ओढली. रेघ पूर्ण झाली तोवर डाग गेला होता. मग मात्र मी तिथेच विटांवर बसले आणि खूप रडले. भीतीने नाही. "आई" अशी हाक मारून पाहिली. एकदाच.

सोमवारी रजा टाकली. बबनराव आले, रेघ पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही कुनी मारली?"

"मी. नवा रस्ता इथवर येतोय."

"आवो ताई, तुमी केमिकलवाल्या, ह्यात कशाला पडता?" ते हसले. "धरा फुडचं टोक, दावतो."

मी पुढे खांबापाशी, ते मागे. थोड्या वेळाने आवाज आला, "आलं ताई, आलं! सोडा!"

मी मागे गेले तेव्हा ते हसत नव्हते. पाणी माझ्या रेघेला लागून उभं होतं. म्हणजे त्यांच्या रेघेवर जोतं नव्या रस्त्यापेक्षा चार बोटं खाली गेलं असतं. काँक्रीट त्यांनी त्या दिवसापुरतं थांबवलं आणि जोतं माझ्या रेघेच्याही वर घ्यायचं ठरलं. मी इंजिनिअरना फोन करून विचारलं, मंजूर नकाशात बसतं ना? ते म्हणाले, बसतं. (असा कुठलाही बदल असेल तर आधी विचारा, नंतर नको.)

चहा पिताना बबनराव म्हणाले, "चुकलंच माझं. पर येक सांगा, दुसरं टोक कुनी धरलं व्हतं? येकट्याला जमायचं काम न्हाई हे. पावनं आलं व्हतं का काय गुपचूप?"

"बबनराव, पाणी स्थिर झालं की कोणी 'निवलं' म्हणतं का हो? तुमच्याकडे?"

"निवलं? निवतो तो भात. पानी कसं निवल?" माझा चेहरा पाहून त्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही.

प्लास्टरच्या वेळी मी म्हटलं, त्या कॉलमचा तेवढा तुकडा उघडा ठेवता येईल का? ते म्हणाले, "ठेवता यील, पर आत वल शिरंल, सळई गंजंल. कशाला?" त्यांचं बरोबर होतं. आता ती रेघ भिंतीच्या आत आहे.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. उन्हात डोकं फिरलं असेल. मनात आईच होती, म्हणून तिचाच आवाज ऐकू आला असेल. डाग म्हणजे पाइपच्या तोंडून उडालेलं पाणी असेल... पण उडालेलं पाणी खाली ओघळतं, आडवं थांबत नाही. आणि बुडबुडा मला दिसला तो आवाजानंतर, आधी नाही. आमच्या पद्धतीने तपासायचं तर इन्स्ट्रुमेंट बरोबर होतं, रीडिंग दुसऱ्याने घेतलं तरी तेच आलं. दुसऱ्या टोकाला कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त थट्टा करू नका, ही विनंती.

या पावसाळ्यात मी राहायला आले. घर छोटंच आहे, तरी एकटीला मोठं होतं. मागच्या आठवड्यात दुपारी जोराचा पाऊस झाला. नव्या रस्त्यावरून गढूळ पाणी लोंढ्याने आलं, अंगणात शिरलं, खालच्या पायरीला लागलं. मी आत उंबऱ्यापाशी उभी होते, हातात विनाकारण तांब्या. पाणी दुसऱ्या पायरीला टेकलं, थोडं हिंदकळलं आणि तिथेच राहिलं. पाऊस उघडला. बघता बघता पाण्यावरची लाट बसत गेली, त्यात समोरचा खांब सरळ दिसायला लागला.

घरात ऐकायला कोणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं,

"निवलं."