दिव्याचं तेल आणि जोडवी

पायाच्या अंगठ्याबद्दल देवीशी काय बोलायचं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. लोक मोठमोठ्या आजारांतून उठल्याचे अनुभव लिहितात. माझं दुखणं चपलेत मावणारं. पण त्या दुखण्याला मी एक पाप बांधून ठेवलं होतं, आणि ते ह्यांनासुद्धा कळू दिलं नव्हतं. माझा स्वभावच तसा, मनातलं बाहेर काढायचं नाही. आज लिहिते आहे.

मी अंधेरीत दागिन्यांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर उभ्यानं काम, आणि पायात पुढे निमुळत्या होत गेलेल्या टाचेच्या सँडल. कधीतरी अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या बाजूला, हाड वर आल्यासारखं दिसायला लागलं. आधी नुसती लाली आणि संध्याकाळी ठणका. वाटलं, सँडल लागली असेल. मग प्रत्येक नवी सँडल त्याच जागी फुगायला लागली. अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलला, दोघांच्या मधली कातडी घासून निबर झाली. जोडवी नेमकी त्या शेजारच्या बोटात. ती रुतायची. एका रविवारी साबण लावून मी दोन्ही पायांतली जोडवी काढली आणि कपाटात ठेवली. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्याच आठवड्यात हे दूध घेऊन येताना आमच्या दहिसरच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोसळले. हार्ट अटॅक. हॉस्पिटलात आत ह्यांची अँजिओप्लास्टी चालली होती आणि बाहेर माझी नणंद सहज म्हणाली, "वहिनी, तुझी जोडवी कुठायत?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मी जोडवी काढली म्हणूनच हे कोसळले, असं माझ्या मनानं धरलं ते पुढे कधी सुटलंच नाही. तिथेच मी माहेरच्या देवीला, जोगेश्वरीला, शब्द दिला: हे घरी येऊ देत, जोडवी पुन्हा काढणार नाही.

हे घरी आले. मी जोडवी दाबून परत घातली. त्यानंतर पाय सुजला, बोट वाकडं होऊन वर उचललं गेलं, पण डॉक्टरकडे गेले नाही. डॉक्टर आधी जोडवीच काढायला सांगणार, हे मला ठाऊक होतं. रात्री ह्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते बघायचे आणि पाय पांघरुणात ओढून घ्यायचे.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी जोगेश्वरीच्या गुंफेत देवीला गेले. अनवाणी दगडी पायऱ्या उतरताना अशी कळ आली की खालीच बसले. जोडव्याखालचं बोट जांभळं पडलं होतं. शेजारी एक सत्तरीची बाई टेकली होती. कपाळाला मोठं कुंकू. तिनं काही न विचारता माझा पाय उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. वयानं मोठ्या बाईच्या मांडीवर माझा पाय! मी ओढायला लागले तर तिनं घोटा धरून ठेवला.

"माझोय असोच होतो गो," ती म्हणाली, आणि स्वतःचा पाय दाखवला. अंगठ्याशी ऑपरेशनची बारीक रेघ, बोटं मोकळी. मी म्हटलं, जोडवी काढता येणार नाहीत, देवीला शब्द दिलाय. का, तेही सांगून टाकलं. नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला. ती हसली. वर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे बोट केलं. "तो बघ माझो घोव. जोडवी काढून किती वर्सां झाली, अजून दोन वेळ मासे मागता." मग हळू आवाजात म्हणाली, "देवीक तुझी बोटां मोडून काय मेळतलां?"

जोडवी रुतून बसली होती, हलेनात. माझ्या पिशवीत देवीच्या दिव्यासाठी आणलेली तेलाची बाटली होती. तिनं ती उघडली, थोडं तेल बोटावर सोडलं, आणि फिरवत फिरवत जोडवी सोडवली. उरलेलं तेल मी दिव्यात घातलं. देवीपुढे उभी राहिले तेव्हा मागायचं काही सुचलं नाही. नुसतं रडू आलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तुझ्या जोडव्यांनी मला पाडलं, तर मग मी गच्चीवर चोरून ओढलेल्या सिगारेटींनी काय केलं?" त्यांनीही ते मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच घरात आपापली गाठोडी लपवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी हेच मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रे काढला. याला बनिअन म्हणतात, डॉक्टर म्हणाले. नवं हाड उगवलेलं नसतं, अंगठ्याचा सांधाच सरकलेला असतो. बरेचदा पायाची ठेवणच घराण्यातून येते, कधी संधिवातही कारण असतो. अरुंद, उंच टाचांच्या चपलांनी त्रास वाढतो. आपोआप सरळ होत नाही, पण पुढून रुंद बूट घातले, बोटांत मऊ पॅड ठेवलं तर ठणका कमी होतो. चालणंच अवघड झालं तर ऑपरेशन. आईला होतं का, असं त्यांनी विचारलं आणि मला आईची चप्पल आठवली. ती बाजूचा पट्टा ब्लेडनं कापून घ्यायची. मला शाळेत त्या चपलेची लाज वाटायची. तिला काय होतंय, हे कधी विचारलं नाही.

जोडवी आता देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी असतात. मी देवीला शब्द दिला असं समजत होते; खरं तर मी तिच्याशी सौदा केला होता, आणि तिनं तो कधी मागितलाच नव्हता. सगळं माझ्या हातून घडतं, बिघडतं, हा माझा अहंकारच होता. तो तिनं तेलाच्या चार थेंबांत सोडवला. पाय अजून पूर्ण बरा नाही. रुंद काळे बूट घालते. हे त्यांना हवालदाराचे बूट म्हणतात. देवळाच्या दाराशी ते काढते, आणि आता पदरानं पाय झाकत नाही.