ऑपरेशन आजोबांचं, अंथरूण माझं

नातवंडांनो, तुमच्या बाबाला हे आवडणार नाही, ते आधीच सांगून ठेवते. आजोबांची मात्र परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिही, पण नावं घालू नकोस." म्हणून या हकिगतीत कुणालाच नाव नाही.

आमच्या घाटकोपरच्या इमारतीत माहुलहून एक कोळीण येते. तिशी नुकतीच ओलांडलेली, मला पहिल्या दिवसापासून 'काकी' म्हणते आणि अगं-तुगं करते. मासळी दारातच साफ करून देते आणि ते चालू असताना जगातल्या सगळ्या विषयांवर बोलते. गेल्या वर्षी मात्र ती बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा चेहरा पापलेटच्या पोटासारखा पांढरा.

"काय झालं गं?"

"पोट पाडून आले, काकी."

तिला दोन मुलं. लहानपणच्या तापात हृदयाची एक झडप बिघडलेली, त्यामुळे दुसऱ्या बाळंतपणात ती जेमतेम वाचली होती. पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. तांबी बसवली तर रक्त जाणं थांबेना, काढावी लागली. गोळ्या हृदयाला चालत नाहीत. तिचंच ऑपरेशन करायचं, तर भूल देणारे डॉक्टर नाही म्हणून मान हलवतात. उरला नवरा. आणि नवरा निरोध विसरतो.

"विसरतो म्हणजे काय?"

"घाईत असतो गो. बोटीवरून येतो. आल्यावर चहाची साखर कमी पडली तर आठवतं, सुपारी कुठं ठेवली ते आठवतं. तेवढंच नाय आठवत."

त्यात, पोट पाडायला गेली त्या नर्सिंग होममधल्या बाईंनी तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली होती. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, हे मी तिला सांगितलं.

"आता सांगतेस? तो समुद्रात. मी इथं पोट घेऊन त्याच्या सहीची वाट बघत बसलेली!"

"मग त्याची नसबंदी करून टाक."

"नाय म्हणतो. कमरेतली ताकद जाते म्हणतो, मग जाळं कोण ओढणार? मी बोलले, आतापर्यंत जाळं काय त्यानं ओढत होतास?"

आत आजोबा खोकले. कपडे वाळत घालताना आतल्या कपड्यांवर टॉवेल पसरणारा माणूस. त्यांना खोकला नव्हता.

आता तुम्हाला जुनी गोष्ट सांगायला हवी. तुमची आत्या झाली तेव्हा मलाही फार रक्तस्राव झाला होता. पुढे एका सकाळी आजोबा पोह्यांच्या बशीकडे बघत म्हणाले, "तू दोनदा झोपलीस टेबलावर. आता मी जातो." एवढं बोलून ते दाढी करायला पळाले. त्या काळी 'नसबंदी' म्हटलं की चांगले शिकलेले पुरुषही खिडक्या लावून घेत. त्यामुळे त्यांची एकच अट होती, आईला कळता कामा नये.

सासूबाईंच्या कानावर फक्त 'ऑपरेशन' एवढाच शब्द गेला. ऑपरेशन म्हणजे सुनेचं, यात त्यांना काही विचारण्यासारखं वाटलं नाही. त्यांनी मला पलंगावर झोपवलं, शेगडी पेटवून डिंकाचे लाडू केले, उठू दिलं नाही. मी धडधाकट लोळत होते आणि ज्याला टाके पडले होते तो पाण्याच्या बादल्या उचलत होता. जरा पाय फाकवून, हळूहळू चालत. सासूबाई शेजारणीला सांगत, "बघा हो, बायकोच्या काळजीनं किती खचलाय!" लाडू मी उशीखालून आजोबांना पोचवत असे. सासूबाई खरं न कळताच गेल्या. तुमच्या बाबाला हे वाचूनच कळेल.

तर, कोळिणीनं आणि मी बेत केला. काकीकडे मोठी ऑर्डर आहे, पाटी उचलायला चल, असं सांगून तिनं एका रविवारी नवऱ्याला आमच्याकडे आणलं. चांगला उंचापुरा, लाजाळू माणूस. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मी चहा दिला आणि तयारीनिशी सुरुवात केली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टी लावून आकृती काढून ठेवली होती, बाणांसकट. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा धडा सिस्टरनी दोन पानं एकदम उलटून शिकवला होता, तरी मला माझी आकृती बरी वाटत होती.

तो बराच वेळ बघत राहिला. मग बायकोला हळूच म्हणाला, "हा बोंबील काय?"

"बोंबील नाय रे, तू हायेस तो!"

त्याचे कान लाल झाले. मी कुठे कापतात, कुठे कापत नाहीत, ताकदीचा आणि त्या नळीचा संबंध कसा नाही, हे सगळं शुद्ध मराठीत समजावलं. तो मान डोलवत होता. पण ती मान 'हो' म्हणत नव्हती, 'कधी संपणार' म्हणत होती.

"काकी, तुमचं बरोबर असेल," तो शेवटी म्हणाला. "पण तुम्ही बाई माणूस. तुम्हाला काय ठाऊक नंतर काय होतं ते?"

कोळीण जमिनीकडे बघत होती. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "पुन्हा राहिलं तर मी मरेन रे. पोरांना कोण बघेल?"

तेव्हा वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "माझी झालीय."

वर्तमानपत्र खाली आलं. आजोबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"तुमची, काका?"

"चाळीस वर्षं होत आली. त्यानंतर घर बदललं तेव्हा लोखंडी कपाट मीच एका बाजूनं धरून तिसऱ्या मजल्यावर आणलं. हेच ते कपाट."

त्यानं कपाटाकडे पाहिलं. मग आजोबांकडे. मग नजर थोडी खाली नेऊन पुन्हा वर.

"कपाटाचं ठीक आहे, काका. पण... बाकीचं?"

आजोबांनी चष्मा पुसला. "ते हिला विचार."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाची किटली उचलली आणि म्हटलं, "माझी काही तक्रार नाही."

कोळीण इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नवरा हसला नाही. तो आजोबांना घेऊन गॅलरीत गेला आणि दार लोटून घेतलं. तिथे काय बोलणं झालं ते आजोबांनी आजपर्यंत मला सांगितलेलं नाही. परत आत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "काका येत असतील तर मी जातो."

काका बरोबर गेले. म्युनिसिपल हॉस्पिटलात हात धरून बसले. आतून आल्यावर तो म्हणाला म्हणे, "दात काढताना जास्त बोंबललो होतो." पण डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी, ती नीट आली की मोकळे. या तीन महिन्यांत त्याची विसरायची सवय परत उफाळू नये म्हणून बायकोनं सोपा उपाय काढला. किनाऱ्याला असला तरी झोपायचं बोटीवर.

"रिपोर्ट आण, मग घरात ये," असं त्याला सगळ्या आळीदेखत सांगितलं.

रिपोर्ट चांगला आला. पुढच्या रविवारी ती दारात बसून सुरमई कापत होती. मी विचारलं, बरं आहे ना?

"आधी बोट लागली की मी पाळीचे दिवस मोजायला बसायचे, काकी," ती म्हणाली. "तो आल्याचा आनंद कधी नीट झालाच नाय. सारखं मनात, आता हा जवळ येणार, आता काय होणार." तिनं सुरी धुतली. "काल बोट लागली, तर मीच धक्क्यावर गेले त्याला आणायला. पोरांना सासूकडे टाकून."